अक्षहृदय

द्यूत हे व्यसन की पाप, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांनी पुष्कळ चर्चिला. परंतु द्यूतात हरलेल्या मनुष्याने आपली हानी कशी सोसावी, आणि ती सोसण्याच्या रीतीला काही आध्यात्मिक मोल आहे किंवा नाही, हा त्याहून अवघड प्रश्न स्वतंत्रपणे हाती घेतलेला क्वचितच आढळतो. गेल्या काही वर्षांत संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर पैसे लावून पोकर खेळणाऱ्या सुशिक्षित तरुणांची जी एक पिढी आपल्याकडे तयार झाली, तिने हा प्रश्न नव्याने उभा केला आहे. कारण ही मंडळी जुन्या जुगाऱ्याप्रमाणे दैवाला शिव्या देत नाहीत किंवा ज्योतिषाचे दार ठोठावत नाहीत, तर आपण फळाकडे न पाहता केवळ निर्णयाकडे पाहतो असे शांतपणे सांगतात, आणि ह्या वृत्तीचे मूळ थेट भगवद्गीतेत असल्याचा दावाही त्यांच्यापैकी काहीजण मनापासून करतात. हा दावा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तो तपासला पाहिजे, आणि तपासण्यासाठी प्रथम त्या खेळातील तोटा कोणत्या जातीचा असतो हे समजून घेतले पाहिजे.

पोकरच्या ज्या प्रकाराला कॅश गेम म्हणतात, त्यात समोरची प्रत्येक चिप ही रोकड असते. स्पर्धेला आरंभ असतो, शेवट असतो, बाद होणे असते. येथे तसे काही नाही. वाटेल तेव्हा बसावे, वाटेल तेव्हा उठावे, रक्कम संपली तर पुन्हा बाय-इन भरून त्याच जागी बसावे. उठण्याचा हुकूम बाहेरून कधीच येत नाही, तो स्वतःच स्वतःला द्यावा लागतो, आणि ह्या खेळातील बहुतेक सर्व अनर्थांचे मूळ ह्या एका गोष्टीत आहे. पडद्यावर एका टेबलावर तासाला साठसत्तर हात सहज वाटले जातात, आणि सराईत खेळाडू अशी चार टेबले एकाच वेळी उघडून बसतो. ज्या अनुभवाला प्रत्यक्ष पत्त्यांच्या टेबलावर वर्ष लागावे, तो येथे महिन्याभरात पदरी पडतो.

माझ्या परिचयाचा एक तरुण, पुण्यात संगणकाच्या व्यवसायात नोकरी करणारा, काही वर्षे ह्या खेळात होता. त्याची खतावणी त्याने मला एकदा दाखवली. जुन्या पेढीवरच्या मुनीमाने मान डोलवावी अशी ती होती: दर बैठकीची तारीख, खेळलेले हात, जमा, खर्च, खेळगृहाने कापून घेतलेला रेक, शिल्लक, आणि शेवटच्या रकान्यात बैठक का थांबवली त्याचे कारण. घरखर्चाचे खाते वेगळे, खेळाचे वेगळे. खेळाच्या खात्यात ज्या रकमेच्या पायरीसाठी निदान तीस बाय-इनची तरतूद नसेल, त्या पायरीवर बसायचे नाही. तीन बाय-इन गेले की त्या दिवशीचा खेळ तहकूब. खाते वीस बाय-इनपर्यंत उतरले की मुकाट्याने खालच्या पायरीवर जायचे. हे नियम त्याने आपल्या हाताने पहिल्या पानावर लिहून ठेवले होते.

त्या नियमांमागचे गणित मनाला चटका लावणारे आहे. समजा, एखादा खेळाडू खरोखर चांगला आहे, आणि शंभर हातांमागे सरासरी पाच बिग ब्लाइंड, म्हणजे हाताच्या आरंभी सक्तीने लावायचा मोठा पण, मिळवण्याइतके त्याचे कौशल्य आहे. परंतु ह्या खेळात शंभर हातांमागे होणारी स्वाभाविक वरखाली नव्वदीच्या घरात असते. तेव्हा दहा हजार हातांनंतर त्याला पाचशे ब्लाइंड मिळायला हवेत खरे, पण वरखालीचा पल्ला नऊशेचा असल्यामुळे, काहीही चूक न करता तो त्या वेळी तोट्यात असण्याचा संभव शंभरात जवळजवळ तीस इतका राहतो. एक लाख हात झाले तरी तो संभव चारएक टक्के उरतोच. म्हणजे उत्तम खेळणारा मनुष्य महिनोन्‌महिने हरत राहू शकतो आणि वाईट खेळणारा तितकाच काळ जिंकत राहू शकतो. आणि आपण ह्या दोघांपैकी कोण, हे त्यांपैकी कोणालाही आपल्या शिलकेवरून सांगता येत नाही.

ह्याचे एक उदाहरण त्या तरुणाने मला पडद्यावर दाखवले. त्याच्या हाती बदामाचा आणि इस्पिकचा एक्का होता, समोरच्याकडे दोन राजे. टेबलावर एकही पत्ता उघडण्यापूर्वी दोघांनीही सर्व रक्कम पुढे सारलेली. अशा स्थितीत एक्केवाला शंभरात सुमारे ब्याऐंशी वेळा जिंकतो. फ्लॉपचे तीन पत्ते आले, टर्नचा चौथा आला, राजा आला नाही. न पाहिलेल्या चव्वेचाळीस पत्त्यांत राजे दोनच उरले होते, आणि पाचवा पत्ता चौकटचा राजा निघाला. एका बाय-इनची रक्कम क्षणार्धात पलीकडे गेली. मी त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "काका, हरणं वेगळं आणि वाईट खेळणं वेगळं. हे पैसे गेले, पण ह्या हातात माझी चूक नाही, म्हणून मी हा तोटा लिहून ठेवतो, मनाला लावून घेत नाही." आणि लगेच त्याने दुसरा एक हात उघडून दाखवला, ज्यात तो मोठी रक्कम जिंकला होता, त्याच्यापुढे त्याने लाल शाईने 'चूक' असे लिहिले होते. ज्या मनुष्याला आपल्या विजयापुढे लाल शाई वापरता येते, त्याच्या मनाला काही एक संस्कार झालेला आहे हे मान्य करणे मला भाग आहे. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या नोकरीतील बढतीपुढे किंवा जमिनीच्या लाभलेल्या सौद्यापुढे अशी नोंद केली असेल?

हा विचार केवळ आपल्याकडचाच आहे असेही नाही. रोमन साम्राज्यात गुलाम म्हणून जन्मलेला स्टोइक तत्त्ववेत्ता एपिक्टेटस ह्याने शिष्यांना फासे खेळणाऱ्यांचाच दाखला दिला होता: सोंगट्या आणि फासे आपल्या सत्तेतले नाहीत, कोणते दान पडेल हे मला ठाऊक नाही, पडलेल्या दानाचा कसून आणि कुशलतेने उपयोग करणे एवढेच माझे काम, असा त्याचा आशय आहे. कर्म आपल्या अधिकारात आणि फळ अधिकाराबाहेर, ही गीतेची विभागणी ह्याच्या फार जवळची आहे. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या 'गीतारहस्या'त कर्मापेक्षा कर्त्याच्या बुद्धीला श्रेष्ठत्व दिले, आणि ती बुद्धी सिद्धीत व असिद्धीत सम राहिली पाहिजे असे प्रतिपादले. मग पत्त्यांच्या टेबलावर का होईना, ज्याची बुद्धी सम राहिली त्याला योगाची निदान पहिली पायरी लाभली असे का म्हणू नये?

माझे उत्तर असे की, म्हणता येत नाही. आणि त्याचे कारण गीतेच्या श्लोकांत शोधण्याऐवजी ती गीता कोणत्या प्रसंगाने सांगावी लागली तेथे शोधावे. कुरुक्षेत्रावरील युद्धाचे निकटचे कारण म्हणजे हस्तिनापूरच्या सभेतला एक खेळ होता, ज्यात युधिष्ठिराला आपल्या तोट्याची व्यवस्था लावता आली नाही. सभापर्वातील तो प्रसंग आजच्या पोकरच्या खेळाडूने वाचला तर त्याला तो परका वाटणार नाही. धन गेले की त्याहून मोठे धन, ते गेले की राज्य, मग एकेक भाऊ, मग स्वतः, मग द्रौपदी: पूर्वीची हानी भरून काढण्यासाठी पुढचा पण मोठा करण्याची ही जी चढण आहे, तिलाच हे खेळाडू टिल्ट म्हणतात. त्याहूनही विदारक गोष्ट पुढे आहे आणि ती सहसा विसरली जाते. धृतराष्ट्राने पांडवांना सर्व काही परत दिले होते. गेलेले सारे जमेस आले, रथ इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले, आणि वाटेतूनच पुन्हा आमंत्रण येताच युधिष्ठिर परत फिरला आणि त्याच सभेत, त्याच शकुनीसमोर बसला. आव्हान आल्यावर मागे हटायचे नाही हे आपले व्रत आहे, असे तो म्हणाला. आपण इच्छेने खेळत नसून कर्तव्य म्हणून खेळतो, असे ज्या खेळाडूला वाटू लागते त्याच्याविषयी मला जी शंका येते तिचे मूळ येथे आहे. कारण धर्मराजालाही तसेच वाटले होते.

आणि त्या सभेत सर्वांत मार्मिक प्रश्न विचारला तो द्रौपदीने. राजाने आधी मला हरवले की आधी स्वतःला? जो स्वतःलाच हरून बसला, त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार कोठून आला? भीष्मासारख्या धर्मज्ञाला ह्या प्रश्नाचा निकाल देता आला नाही. ह्या प्रश्नाकडे स्त्रीच्या विटंबनेचा प्रश्न म्हणून आपण पाहतो आणि ते योग्यच आहे. पण तो मालकीचा आणि हिशेबाचाही प्रश्न आहे. जी रक्कम मी टेबलावर ठेवतो आहे ती माझी आहे काय? मुलांच्या शाळेची फी, आईच्या औषधाची तरतूद, क्रेडिट कार्डावर उचललेली तसलमात, ही ज्या क्षणी चिपांच्या रूपाने पुढे सरकते, त्या क्षणी खेळणाऱ्याची बुद्धी सम आहे की विषम हा विचारच गौण ठरतो. माझ्या परिचयाच्या तरुणाने घरखर्चाचे आणि खेळाचे खाते वेगळे ठेवले होते, ह्याला मी म्हणूनच त्याच्या समत्वापेक्षा अधिक मानतो. महाभारतातच द्यूतात हरलेला दुसरा राजा नल ह्याची कथा आहे; राज्य गेल्यावर त्याचा भाऊ पुष्कर ह्याने पत्नी दमयंतीला पणाला लावण्यास सुचवले तेव्हा नल देहात शिरलेल्या कलीच्या पूर्ण अंमलाखाली होता, आणि तरीही तो ते न करता एका वस्त्रानिशी बाहेर पडला. युधिष्ठिर आणि नल ह्यांच्यातले अंतर मला ह्या एका नकारात दिसते.

नलाची कथा वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला सांगतात, म्हणजे हरलेल्या जुगाऱ्याला हरलेल्या दुसऱ्या जुगाऱ्याची कथा सांगून त्याचे सांत्वन केले जाते. तिच्यातला एक प्रसंग आजच्या विषयाच्या गाभ्याशी भिडणारा आहे. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण रथातून जात असता वाटेतल्या बेहड्याच्या झाडाकडे एक दृष्टी टाकून त्याच्यावरची पाने आणि फळे किती हे सांगतो. सारथ्याच्या वेषातील नलाला ते पटत नाही; तो रथ थांबवतो, झाड तोडतो, फळे मोजतो, आणि संख्या बरोबर निघते. मग अश्वविद्येच्या मोबदल्यात ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, देतो. आणि ते मर्म कळताच नलाच्या देहात इतका काळ ठाण मांडून बसलेला कली बाहेर पडतो. मंत्राने, तपाने किंवा पश्चात्तापाने नव्हे, संख्याज्ञानाने कली निघतो! वैदिक काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरत, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या कथेच्या कर्त्याची दृष्टी किती नेमकी होती हे कळते. कित्येक शतकांनंतर पास्कल आणि फर्मा ह्यांनी १६५४ साली अर्धवट राहिलेल्या डावातील रकमेच्या वाटणीवरून परस्परांना पत्रे लिहिली आणि त्यांतून संभाव्यतेचे शास्त्र उभे राहिले. पण संख्येच्या ज्ञानाने मन मोकळे होते ही गोष्ट महाभारतकाराला आधीच उमगली होती. चव्वेचाळीस पत्त्यांत दोन राजे आहेत हे ज्याला ठाऊक आहे, त्याला चौकटचा राजा आल्यावर दैवाने आपल्यावर सूड उगवला असे वाटत नाही. पोकरच्या तरुण पिढीने मिळवलेले अक्षहृदय ते हेच, आणि ते खरे आहे.

परंतु ज्ञान मिळाल्यावर नलाने काय केले? तो पुष्कराकडे गेला, द्यूत किंवा द्वंद्व ह्यांपैकी एक निवड असे त्याला म्हणाला, आणि एकाच डावात सर्व परत जिंकले. पुष्कराचे प्राणही आता त्याच्या हाती होते. त्याने त्याला क्षमा केली, त्याचा वाटा त्याला परत दिला, भाऊ म्हणून आलिंगन दिले आणि सन्मानाने त्याच्या नगरात पाठवले. ह्यापुढे फाशांची विद्या हे नलाचे उपजीविकेचे साधन झाल्याचे कथा सांगत नाही.

आता आजच्या टेबलाकडे वळू. सहा माणसे बसली आहेत, पैसा त्यांच्याच खिशातला आहे, बाहेरून एक कवडी येत नाही, उलट प्रत्येक मोठ्या पॉटमधून खेळगृह आपला रेक काढून घेते. ह्या कपातीची चाल फार जुनी आहे. कौटिल्याने द्यूताध्यक्षाला जिंकलेल्या धनातून शेकडा पाच घेण्याचा अधिकार दिला, आणि याज्ञवल्क्यानेही सभिकाचा, म्हणजे द्यूतगृह चालवणाऱ्याचा, वाटा शेकडा पाच आणि दहा असा ठरवून दिला. आजच्या रेकचा दरही पुष्कळ ठिकाणी शेकडा पाचच्याच आसपास घोटाळतो. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या संपूर्ण रकमेवर शेकडा अठ्ठावीस इतका जीएसटी सुरू झाला तेव्हा सरकारचा वाटा त्यात आणखी वाढला. म्हणजे टेबलावरील सर्वांची मिळून बेरीज घेतली तर ती नेहमी तोट्याचीच असणार. मग एका खेळाडूने आपला तोटा आवरला, ह्याचा अर्थ काय? तोटा नाहीसा झाला नाही. तो जागचा हलून दुसऱ्याच्या खात्यावर चढला. आणि तो कोणाच्या खात्यावर चढतो हेही ठरलेले आहे. जो खतावणी ठेवत नाही, तीन बाय-इन गेल्यावर उठत नाही, रात्री दोन वाजता दमलेल्या आणि चिडलेल्या मनाने पुन्हा रक्कम भरतो, त्याच्या. शिस्तीच्या खेळाडूचे दीर्घकालीन उत्पन्न हे ह्या दुसऱ्या मनुष्याच्या बेशिस्तीतून येते, आणि हे त्या खेळातील तज्ज्ञ उघडपणे शिकवतात: टेबल निवडताना आपल्याहून दुबळे खेळाडू कोठे आहेत ते पाहा.

येथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. समत्वाचा उपदेश जेथे झाला त्या कुरुक्षेत्रावर तरी दुसरे काय होते? एकाचा जय म्हणजे दुसऱ्याचा नाश हे तेथेही होतेच, आणि पणाला प्राण लागले होते. तरीही कृष्णाने अर्जुनाला उठवले. ह्याला माझे उत्तर असे आहे की, त्या युद्धापूर्वी कृष्ण स्वतः शिष्टाईसाठी हस्तिनापुरास गेला होता. पाच गावांवर समेट करण्याची पांडवांची तयारी होती, आणि ती नाकारली गेली. ज्या कर्मात दुसऱ्याची हानी अटळ आहे ते कर्म टाळण्याचे सर्व मार्ग संपल्यावरच तेथे निष्काम बुद्धीचा प्रश्न उद्भवला. पत्त्यांच्या टेबलावर बसण्यापूर्वी अशी कोणती शिष्टाई कोणी केलेली असते? कर्म स्वेच्छेने निवडायचे, दुसऱ्याच्या दुबळेपणावर ते उभे आहे हे जाणून निवडायचे, आणि मग त्याच्या फळाविषयी उदासीन राहायचे, ही गीतेची शिकवण नव्हे. शिवाय ती उदासीनताही अर्धीच आहे: आजच्या हातातील फळ सोडायचे, ते एक लाख हातांनंतर एकरकमी वसूल करण्यासाठी. ज्याला धीर धरता येतो तो निष्काम झाला असे म्हणता येत नाही. तसे असते तर प्रत्येक सावकार योगी ठरला असता.

तोटा परक्याच्या खात्यावर न चढवणारा खेळही आपल्या परंपरेला ठाऊक आहे. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वतींच्या सारीपाटाचे शिल्प आहे. वर दोघांचा खेळ चालला आहे आणि खाली गण नंदीची खोडी काढत आहेत. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणून खेळण्याचा शिरस्ता ह्याच जोडप्याच्या खेळाशी जोडला जातो. तेथे एकाचे हरलेले दुसऱ्याकडे जाते आणि घरातच राहते. शास्त्राने वर्षातून एक दिवस खेळ क्षम्य मानला त्यामागे ही कल्पना असावी, असे मला नेहमी वाटते.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, देशात बंद केले. खेळणाऱ्याला त्याने गुन्हेगार ठरवलेले नाही. खेळवणाऱ्याला ठरवले आहे. कौशल्य आणि नशीब ह्यांच्या सीमारेषेवरून आपल्या न्यायालयांत पूर्वी चाललेला दीर्घ वाद ह्या कायद्याने बाजूला सारला, आणि ते योग्य की अयोग्य ह्यावर मतभेद होऊ शकतो. मला मात्र तो भेद पूर्वीपासूनच गैरलागू वाटत आला आहे, कारण खेळात कौशल्य जितके अधिक तितका दुबळ्याचा तोटा अधिक निश्चित. कायद्यानंतर तो तरुण मला भेटला. खात्यातील रक्कम त्याने काढून घेतली होती आणि खतावणी बंद केली होती. एकूण जमा तोट्याहून बरीच जास्त होती. त्याने विचारले, "काका, जिंकलेल्या पैशाचं काय करावं असं तुम्हांला वाटतं?" नलाप्रमाणे पुष्कराला शोधून त्याचा वाटा परत द्यावा असे त्याला सांगण्याची सोय नव्हती, पडद्यावरच्या टेबलावर समोरच्याचे एक टोपणनाव तेवढे असते, त्याचे गाव नाही, घर नाही, त्या रात्रीनंतर त्याचे काय झाले ह्याची खबर नाही.

मी त्याला देहूच्या तुकारामांची हकीकत सांगितली. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे दिवाळे निघाले, पत्नी आणि मुलगा गेला, आणि हाती उरली ती लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खतपत्रे. परंपरा सांगते की त्यांनी ती इंद्रायणीत बुडवली. हानीच्या व्यवस्थेचा ह्याहून थोर दाखला मला ठाऊक नाही, कारण येथे मनुष्य आपल्या तोट्याकडे पाहत असता त्याला आपल्या ऋणकोंचा तोटा दिसला, आणि तोही त्याच दुष्काळात होरपळणाऱ्यांचा. परंतु त्या कथेतला जो तपशील मी त्याला मुद्दाम सांगितला तो वेगळाच आहे. तुकारामांनी सगळी खते बुडवली नाहीत. धाकट्या भावाने, कान्होबाने, आपल्या संसाराची अडचण सांगितली तेव्हा त्यांनी कागदांचे दोन वाटे केले, एक त्याच्या स्वाधीन केला, आणि बुडवला तो केवळ आपला. द्रौपदीने भरसभेत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देहूच्या ह्या दिवाळखोर महाजनाने दिले आहे, असे मी त्याला म्हणालो. त्याची आई घरी आहे, बहिणीचे लग्न व्हायचे आहे; रकमेतला कोणता वाटा त्यांचा आणि कोणता केवळ त्याचा, हे त्याने प्रथम ठरवावे, आणि आपल्या वाट्याविषयीच मग माझ्याशी बोलावे.